साईडला घे!

आच्छाड नाक्यावर दोन जातींची माणसं असतात. हाताच्या इशाऱ्यावर पुढे निघणारी, आणि काचेवर टकटक ऐकून गाडी साईडला घेणारी. दुसऱ्या जातीत एकदा नोंद झाली की दाखला सहसा बदलत नाही.

तलासरीतून गुजरातेत जाताना बाटली सापडली तर गुन्हा, कारण तिकडे दारूबंदी. दमणहून महाराष्ट्रात येताना तीच बाटली सापडली तरी गुन्हा, कारण इकडचा कर बुडाला. उत्तरेला जाताना नीती बुडते, दक्षिणेला येताना महसूल. बाटली बिचारी एकच.

पण बाटली निदान डिकीत तरी असते. उघडली, बघितली, नाही सापडली, विषय संपला. जुना व्हिसा-नकार कुठल्या डिकीत शोधणार?

डहाणू-घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात याचे अनुभवी लोक गल्लोगल्ली आहेत. चिकूची वाडी इथे, मुलगी न्यू जर्सीत. कधीतरी काही वर्षांपूर्वी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत दिली आणि हातात नकाराचा छापील कागद पडला. पुढे दुसऱ्या खेपेला व्हिसा मिळालाही. पेढे वाटले. प्रश्न संपला?

छे, तिथून तर सुरू झाला. व्हिसा मिळाला तरी नकार जात नाही.

त्या मुलाखतीचं गणित बघा. १८५ डॉलर आधी भरायचे. डहाणू रोडहून पहाटेची लोकल पकडायची. २०१३ पासून ती थेट मिळते, एवढी सोय रेल्वेने केली आहे. रांग, तपासणी, पुन्हा रांग. मग खिडकीपलीकडचा साहेब दोन-तीन मिनिटं बोलतो. मिनिटाला किती डॉलर पडले, याचा हिशेब परतीच्या लोकलमध्ये करायला वेळ भरपूर असतो.

नकाराचं कलम ठरलेलं: २१४(बी). अमेरिकी कायदा असं धरून चालतो की अर्जदार तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. खुनाच्या आरोपीला कोर्ट निर्दोष धरून सुरुवात करतं. नातवाच्या बारशाला निघालेल्या आजीला ती सवलत नाही.

मग आजी सातबारा काढते. फेरफार काढते. वाडीत कलमं किती, त्यांचं वय काय, सगळं फायलीत. पिढ्यान्‌पिढ्या फळ देणारी झाडं सोडून ही बाई एडिसनला जाऊन काय करणार, दुकानाच्या गल्ल्यावर बसणार? साहेब फाईल उघडतही नाही.

त्याने आजीकडे पाहिलेलं असतं. तेवढं पुरतं.

पुढच्या अर्जात एक प्रश्न येतो: तुम्हाला यापूर्वी व्हिसा नाकारला होता का? विचारतो कोण? ज्याने नाकारला तो. माहीत नाही म्हणून विचारतो? मुळीच नाही. त्याच्या संगणकात तारीख, वेळ, बोटांचे ठसे, सगळं आहे. तुम्ही खरं सांगता का, एवढंच त्याला बघायचं असतं.

इथेच आपला एजंट पुढे सरसावतो. "काका, 'नाही' लिहा. कोण बघतंय?" काका लिहितात. नकार ही गैरसोय होती. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती म्हणजे अमेरिकी कायद्यात आयुष्यभराची बंदी. एजंटच्या आयुष्याला अर्थातच धक्का लागत नाही.

आणि 'हो' लिहिलं तर? मग पुढची ओळ: कारण स्पष्ट करा.

कारण तर त्यांनीच सांगितलं नव्हतं!

आता जरा शेजारी, सीमेपलीकडच्या संजाणला चला. पारशी मंडळी इराणातून आली तेव्हा तिथे जादी राणा होता. दुधाच्या काठोकाठ भरलेल्या भांड्याची आणि साखरेची आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. पण 'किस्सा-ए-संजाण'मधल्या राजाच्या अटी बघा. इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. अटी जाचक होत्या का? असतील. पण त्या आधी सांगितल्या होत्या. मान्य केल्या आणि माणसं आत आली. पुढच्या वळणावर त्यांना कुणी 'जरा बाजूला या' म्हटल्याचं कथेत नाही.

पुढे संजाण पडलं तेव्हा पवित्र अग्नी लपवला तो इथल्याच बाहरोटच्या डोंगरात. डोंगराने कागद मागितले नाहीत.

डहाणूचे इराणी त्यांच्या खूप नंतरचे. आजोबा यझदकडून आले, वाड्या उभ्या केल्या. आता नातू लंडनला स्थायिक, खिशात ब्रिटिश पासपोर्ट. ब्रिटिश माणसाला अमेरिकेला फिरायला जायला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी पुरते. पण नातू मध्ये एकदा आजोबांचं यझद बघून आला. १ मार्च २०११ नंतर इराणात पाऊल टाकलं असेल तर ही सवलत बंद, असा अमेरिकेचा २०१५ चा कायदा आहे. म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा रांग, पुन्हा मुलाखत.

आजोबांनी इराण सोडून शंभर चुका टाळल्या, नातवाने परत जाऊन एक केली.

आता मुख्य सोहळा. विमान उतरलं. बायको पुढे गेली, जावई बाहेर गाडी घेऊन उभा. आपल्या माणसाचा पासपोर्ट मशिनवर ठेवला आणि अधिकाऱ्याचा चेहरा किंचित बदलला. "सर, कृपया या बाजूला." बाजूच्या त्या खोलीला तिकडचे आपले लोक 'सेकंडरी' म्हणतात. शाळेसारखं नाव आहे आणि वागणूकही तशीच. बाकावर बसायचं, फोन वापरायचा नाही, नाव पुकारेपर्यंत गप्प राहायचं.

प्रश्न काय असतात? तुम्हाला व्हिसा का नाकारला होता? (तुम्हीच सांगा की, साहेब.) मग नंतर का दिला? (हेही तुम्हालाच ठाऊक.) या वेळी परत जाणार ना? (मागच्या वेळी गेलो होतो. तुमच्याच संगणकात आहे.) कंसातलं सगळं मनात म्हणायचं. मोठ्याने म्हणणाऱ्यांचं परतीचं विमान लवकर निघतं.

अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांना ही सेवा वाटेतच मिळते. २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी तिथेच तपासतात. म्हणजे अमेरिकेची हद्द आता वाळवंटात सुरू होते. आपल्याकडे वेवजी आणि सोळसुंब्याची शीव नेमकी कुठे, यावरून दोन राज्यांत अजून वाद आहे.

युरोप बरा, असं कुणी म्हणेल. २०२४ मध्ये भारतीयांचे सुमारे १ लाख ६५ हजार शेंगेन अर्ज नाकारले गेले. त्यांची बुडालेली फी सुमारे १३६ कोटी रुपये. नकाराबरोबर एक तक्ता मिळतो, त्यात खुणा करायच्या चौकोनी खिडक्या. 'मुक्कामाचा हेतू पुरेसा स्पष्ट नाही.' हेतू काय होता? आयफेल टॉवर. तो आणखी कसा स्पष्ट करायचा?

नोंद पाच वर्षं राहते. ऑक्टोबर २०२५ पासून तर युरोपच्या वेशीवर चेहरा आणि बोटांचे ठसेही घेऊ लागले आहेत. आमच्याकडे रेशनच्या मशिनवर म्हाताऱ्यांचा अंगठा उठत नाही म्हणून तांदूळ अडतो. तिकडे मात्र नको तेव्हा बरोबर उठेल.

उपाय? आहेत की. जुन्या नकाराच्या कागदाची प्रत आणि तारीख जवळ ठेवा. अर्जात लिहिलं तेच तोंडाने बोला. विचारलं तेवढंच सांगा. मुलीच्या सासरची हकिगत अधिकाऱ्याला नको असते. वारंवार अडवत असतील तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे 'डीएचएस ट्रिप' नावाची तक्रारीची सोय २००७ पासून आहे. अर्ज करा, एक नंबर मिळतो, तो तिकीट काढताना टाकायचा. नावाच्या साधर्म्यामुळे अडकलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

सोबत एक पत्रही येतं. तुमचं नाव कुठल्या यादीत आहे की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही, अशा आशयाचं. सुटलात की नाही, हे पुढच्या विमानतळावर कळेल.

बरं, मोठ्या माणसांचं तरी काय? शाहरुख खानला ऑगस्ट २००९ मध्ये नेवार्कला अडवलं. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. संगणकात नाव अडकलं, असं सांगितलं गेलं. २०१२ मध्ये येल विद्यापीठात सत्काराला निघाला, पुन्हा अडवलं. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला, पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्याने थांबल्या वेळात मोबाईलवर पोकेमॉन पकडल्याचं जाहीर केलं. अब्दुल कलामांना २०११ मध्ये न्यूयॉर्कला विमानात बसल्यावर गाठलं आणि कोट-बूट तपासायला नेले. अमेरिकेने खेद व्यक्त केला.

डहाणूच्या चिकूवाल्याला खेद मिळत नाही. बाकावर जागा मिळते.

मग कायमचा इलाज? एक सिद्ध झालेला आहे. १८ मार्च २००५ ला अमेरिकेने गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना राजनैतिक व्हिसा नाकारला आणि असलेला पर्यटक-व्यापारी व्हिसा रद्द केला. सप्टेंबर २०१४ मध्ये तेच गृहस्थ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टाळ्या घेत होते. २०१६ आणि २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या संयुक्त बैठकीत भाषण. जुन्या नकाराबद्दल कुणी बाजूला घेऊन विचारलं? तेव्हा नकार घालवायचा असेल तर पंतप्रधान व्हा. प्रक्रियेला नऊ वर्षं लागतात.

ते जमत नसेल तर हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. हसू नका. व्हिसा-नकाराचा एक गाजलेला खटला तलासरीच्या उशाशी घडला आहे.

दमण पोर्तुगीजांचं, दादरा आणि नगरहवेलीही त्यांची, आणि मधला मुलूख भारताचा. दमणच्या गव्हर्नरला स्वतःच्याच दादऱ्यात जायला भारताचा व्हिसा लागायचा. शेवटचा मिळाला तो २१ जुलै १९५४ च्या सुमारास. २१ जुलैच्याच रात्री दादरा हातचं गेलं. मग लिस्बनने नगरहवेलीत माणसं पाठवायची परवानगी मागितली. भारताने सांगितलं, नाही.

२ ऑगस्टला मुक्तिसैनिक सिल्वासात शिरले. त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. व्हिसाचा अर्ज कुणीच केला नव्हता.

पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगला गेला. निकाल १२ एप्रिल १९६० ला. काय लागला? खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला होता, फौजेला नव्हता. आणि अडवणाऱ्या भारताने बेकायदा काही केलं नाही. हक्क तुमचा खरा, अडवणं आमचंही रास्त. व्हिसा खात्याचं सगळं तत्त्वज्ञान पंधरा न्यायमूर्तींच्या पीठाने जितक्या नेमकेपणाने सांगितलं, तितकं पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

तुम्हालाही दाद मागायची? जरूर जा. हेग नेदरलँड्समध्ये आहे. शेंगेन व्हिसा लागेल.

निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. उंबरगाव तिकडे गेलं, तलासरी इकडे राहिली. सोयरिकी, बाजार, रोजगार आहे तिथेच राहिले. आजही तलासरीच्या पाड्यांवरून माणसं सकाळी उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. एप्रिल २०२१ मध्ये गुजरातने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल मागितला. कारखानदारांचा मालही याच रस्त्याने येत होता. मालाच्या नाकात काडी घालत नाहीत.

हद्दीची ही ओळख इथे जुनी आहे. वारल्यांना उभं केल्याबद्दल गोदावरी आणि शामराव परुळेकरांना १९४६ मध्ये ठाणे जिल्ह्यात यायलाच सरकारने बंदी केली. बंदी घालणारं सरकार केव्हाच गेलं. लाल बावटा अजून तलासरीत आहे.

आणि वारली चित्र? त्याला कुणीच अडवत नाही. गंजाडजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या जिव्या सोमा मशेंची चित्रं जपानात गेली, २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँगच्या जोडीने लागली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता वारली चित्रातला तारपा नाच चादरीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवरही असतो. आजचा तरुण चित्रकार त्याच भिंतीपर्यंत जायला निघाला की मागतात सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. भिंतीवर नाचणाऱ्यांपैकी कुणाचं खातं तपासलं होतं?

चित्रकार तरी खिडकीपर्यंत पोचतो. ज्याची दहावी झाली नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' येतं. म्हणजे कतार, ओमान, सौदीसारख्या १८ देशांत कामाला जायचं तर आधी आपल्याच सरकारची मंजुरी. १९८३ चा कायदा, हेतू चांगला: मजुराला दलालांपासून वाचवायचं. मंजुरीचे कागद कोण करून देतं, ते विचारू नका.

आणि त्याहून खाली समुद्र आहे. तिथे नाका नाही, पट्टा नाही, 'साईडला घे' म्हणणारा हवालदार नाही.

डहाणू-तलासरीची आदिवासी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. उचल पावसाळ्यात घेतलेली असते. बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो, मासा कुठे आहे ते मासा ठरवतो, आणि सागरी हद्द कुठे आहे ते पाकिस्तानची बोट येऊन सांगते. मग कराची, मालीरचा तुरुंग. आरोप: परवानगीवाचून प्रवेश. यांना कुणी कधी व्हिसा नाकारला नव्हता. यांनी मागितलाच नव्हता.

शिक्षा महिन्यांची, मुक्काम वर्षांचा. २००८ च्या करारात लिहिलंय, शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं की महिन्यात सोडायचं. म्हणजे डहाणूचा माणूस डहाणूचाच आहे, हे कराचीहून इस्लामाबाद, दिल्ली, मुंबई, पालघर असं फिरत फिरत तहसीलदारापर्यंत येणार आणि त्याच वाटेने परत जाणार. दोन्ही देशांचे निवृत्त न्यायाधीश कैद्यांना भेटायला २००७ च्या ठरावानुसार जात असत. २०१३ नंतर गेलेले नाहीत. कैद्यांच्या याद्या मात्र दर १ जानेवारीला आणि १ जुलैला अदलाबदल होतात.

मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. मृतदेह गावी पोचायला एप्रिल उलटला. कागद पूर्ण करायचे होते.

जे सुटून वाघा सीमेवरून घरी येतात, त्यांना गावात हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो. बोट तिकडेच जप्त, घरात देणं तसंच. मग पावसाळा सरता सरता मुकादम पाड्यावर चक्कर मारतो आणि तोच माणूस पुन्हा ओख्याच्या बोटीवर चढतो. पूर्वी पकडला गेला होतास का, असं त्याला कुणी विचारत नाही. पोहता येतं का, जाळं ओढता येतं का, आणि मागची उचल किती बाकी आहे, एवढीच मुलाखत.

ती पहिल्या खेपेला पास.